बर्फातले दोन जीव

हे आजवर कुणाला सांगितलं नाही — आईला नाही, नवऱ्याला तर नाहीच. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही आमच्या पोंभुर्ण्याचे नाही.

आमची पल्लवी दिवसभर बडबडते, हातात बर्फाचा गोळा. तिचे बाबा तलावात मासेमारी करतात, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, "माही पोरगी बरफात मेली होती, मंग जित्ती झाली." लोक हसतात. मीही हसते. तिथंच माझी लबाडी लपली आहे.

लग्नाला बरीच वर्षं झाली तरी मूल नव्हतं. नागपूरच्या दवाखान्यात आमचे तीन गर्भ तयार झाले. एक पोटात ठेवला, तो टिकला नाही. दोन तिथंच गोठवून ठेवलेले. पुढं दवाखान्यानं गावातल्या एसटीडी बूथवर फोन करून मला बोलावलं — या, उरलेले आता ठेवू. मी हो म्हटलं. आणि घरी येऊन काय सांगितलं? ते खराब झाले म्हणून. पुन्हा आस धरायची भीती वाटली — एवढंच.

माझा नवरा म्हणजे रोज मासोळी बर्फात भरणारा माणूस. त्यांना शंका कशी येणार? उलट मलाच समजावलं, "बरफातलं कधी जित्तं रायते का? तू नोको रडू." मी रडतच नव्हते. रडत ते होते.

वर्षभर मी ते बघितलं — आणि गप्प राहिले.

मग मत्स्यबीज आलं, प्लास्टिकच्या पिशवीत सुईएवढी पिल्लं. ती एकदम तलावात ओतत नाहीत. बंद पिशवी आधी पाण्यावर तरंगू देतात. हे गुडघाभर पाण्यात उभे राहून पिशवीशी बोलत होते, "हळू... घाई नाई. पाण्याची वळख होऊ द्या."

मला राहवलं नाही. काठावरूनच सांगितलं — दवाखान्याचा फोन आला, दोन्ही चांगले निघाले. पुन्हा खोटंच, नाही का? पण हे चिखलात असे नाचले की तलावावरचे सगळे बघत राहिले.

नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी दोन्ही गर्भ बर्फातून काढले, ऊब दिली, पोटात ठेवले. एक रुजला. घरात इतका आनंद आला की अजून मावत नाही.

दरवर्षी पहिला मोठा रोहू घेऊन हे एसटीनं नागपूरला जातात — बाईंनी मेलेलं जिवंत केलं म्हणून. आज पल्लवीही सोबत गेली. डब्यात रोहूभोवती बर्फ मीच भरला.

ती एक दिवसही मेली नव्हती. मेली असं मी म्हटलं होतं.