गणेशपुरीला खोली हवी? आडनाव तयार ठेवा

गुडघे दुखत असतील तर गणेशपुरीच्या गरम पाण्याच्या कुंडांवर जाच. आम्ही गेलो ते ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस, ऐन थंडीत: मी, आई आणि शेजारच्या झुबेदाआपा. पॉवरलूमसाठी सुताच्या कांड्या भरून भरून आपांचे गुडघे धरले होते. हकीमांनी सांगितलं होतं, संध्याकाळी आणि पुन्हा पहाटे गरम पाण्यात बसा. म्हणजे मुक्काम आलाच.

भिवंडी स्टँडवरून सकाळचीच एसटी धरा. रस्ता तेव्हाही खड्ड्यांचाच होता, प्रत्येक आचक्याला आपा गुडघा दाबून धरायच्या. अंबाडी नाक्यावर भजी गरम मिळतात. चहाबद्दल मी बोलत नाही.

गणेशपुरीत एक शेठ खोल्या भाड्यानं द्यायचे. दारावर ‘सुस्वागतम्’. कोणाचं, ते लिहायला पाटीवर जागा उरली नसावी.

“आडनाव?” शेठनी विचारलं. नाव विचारण्यात त्यांनी वेळ घालवला नाही.

“जाधव.”

शेठ खुलले. जाधव मराठ्यांत असतात तसे आम्हा बौद्धांतही असतात. त्यांनी त्यांच्या सोयीचे निवडले. “या, बसा. आपलीच मानसं.” आम्हा दोघींना ओटीवर चकचकीत पेल्यांतून पाणी आलं. बुरख्यातल्या आपांना पायरीखालीच उभं करून शेठनी वरून तांब्यानं ओंजळीत धार धरली.

“खोली तुमाला हाय, यांना न्हाय. घरात देव हायेत.”

देवांना विचारून आले असावेत.

आईनं पेला खाली ठेवला. लहानपणी गावात तिला असंच पाणी मिळायचं. निम्मं कोपरावरून वाहून जायचं. ती पायरी उतरली, आपांशेजारी उभी राहिली आणि तिनं ओंजळ पुढं केली.

“मलाबी वरनंच घाला.”

“अवो, तुमी तर जाधव ना?”

“जाधवच. बौद्ध.”

धार थांबली. खोलीही गेली.

दुपारभर आपांना कुंडावर बसवलं आणि शेवटच्या गाडीनं परतलो. पहाटेचं पाणी राहिलं ते राहिलंच; आपांचे गुडघे पुढेही दुखत राहिले. शेठ मात्र अजून शुद्ध असतील, मला खात्री आहे.

भिवंडीत उतरून आधी आमच्याच घरी आलो. आईनं आपांना माठातलं पाणी दिलं, आमच्याच पेल्यातून. आपा चिडलेल्याच होत्या.

“जाधवबाई, आप चुप रहतीं तो खोली मिल जाती.”

“कुनाला?” आई म्हणाली. “त्याच्या जाधवांना. मी तर तुमच्यासंगं खालीच उभी व्हते.”