वखारीतली योगशाळा

योगशाळेचा मालक झालो आणि मी बिघडलो, असं गावात कुणी म्हणत नाही. उलट म्हणतात, नाव काढलं हो! कप्पाळ. लोकांना वखारीवरची पाटी दिसते, आतलं दिसत नाही.

त्याआधी पाच-सहा वर्षं मी किहीमच्या देवळाच्या सभामंडपात सकाळी आसनं शिकवत असे. चार-सहा माणसं यायची. त्यात खाडीकडच्या मिठागरात राबणारा एक आगरी होता. माझ्याहून दहा वर्षांनी मोठा, तरी मी त्याला अरे-तुरे करायचो आणि तो मला गुरुजी म्हणायचा. दमेकरी. पहिल्यांदा आला तेव्हा मिठाच्या दोन टोपल्या वाहिल्या की बांधावर बसून तोंड वासायचा. मुकादमानं ‘उद्यापासून येऊ नकोस’ म्हणून सांगायचं तेवढं बाकी ठेवलं होतं. बायको, तीन पोरी आणि हा असा. त्याचा श्वास गेला तर चूल गेली, इतकं साधं होतं ते.

दोन वर्षं मी त्याच्यावर मेहनत घेतली. बसणं, श्वास सोडणं, आणि आठवड्यातून एकदा धौती. चार बोटं रुंद, लांबच लांब मऊ कापडाची पट्टी कोमट मिठाच्या पाण्यात भिजवून हळूहळू गिळायची आणि मग कफासकट बाहेर ओढायची. ऐकूनच लोकांना मळमळतं. माझ्या गुरूंची यात एकच शिस्त होती: गिळण्याआधी शिकवणाऱ्यानं विचारायचं, पोटात काय आहे? आणि पट्टीचं टोक शिकवणाऱ्यानंच हातात धरून बसायचं, ती बाहेर येईपर्यंत. मीही दर खेपेला विचारायचो. तो दर खेपेला ‘काय न्हाय, गुरुजी’ म्हणायचा, आणि मग टोक माझ्या हातात द्यायचा. दुसऱ्या वर्षी त्यानं अख्खा हंगाम एक खाडा न करता काढला. मला केवढा आनंद झाला होता म्हणून सांगू! घरी येऊन बायकोला दोनदा तेच सांगितलं.

मग सासरे गेले. त्यांना मुलगा नव्हता, म्हणून सुपारीची वखार आमच्याकडे आली. झालं! माझे पाय जमिनीला लागेनात. वखार सारवली, चटया घातल्या, पाटी रंगवून घेतली आणि स्वतःसाठी एक खुर्ची आणली. आसनं शिकवणाऱ्याला खुर्ची कशाला हवी, असं बायकोनं विचारलं होतं. तुला काय कळतंय, म्हणून मी तिला गप्प केलं. आसनं जुने शिष्य करून घ्यायचे आणि मी दाराशी उभा, कोण येतंय ते बघत. मला मिठागरातली माणसं नको होती. मला किहीमच्या बंगल्यांतली मुंबईची माणसं हवी होती.

उन्हाळ्यात एकदा ती आली. दोन वकील, त्यांच्या बायका, एक म्हातारे डॉक्टर. सकाळचे दहा वाजले असतील. आसनं बघून झाल्यावर डॉक्टरांनी विचारलं, “ते कापड गिळतात म्हणे, ते खरं का हो?”

“आत्ता दाखवतो की!” मी म्हणालो.

आमचा आगरी त्याच वेळी मिठागरातून परस्पर आला होता आणि भिंतीला टेकून उभा होता. मी त्याला हाक मारली, “ये रे, पट्टी घे.” त्यानं माझ्याकडे पाहिलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मग पाहुण्यांकडे पाहिलं आणि मुकाट बसला. मला वाटलं, लाजतोय. मी खुर्चीवर बसून शरीरशुद्धीवर व्याख्यान झोडत होतो. पट्टीचं टोक त्याच्या गुडघ्यावर पडलं होतं.

निम्म्याहून जास्त पट्टी आत गेली आणि तो अडकला. डोळे बाहेर आले. त्यानं घाबरून दोन्ही हातांनी ओढायला सुरुवात केली, तसं पोटातलं सगळं उसळलं. भाकरी, सुके बोंबील आणि रक्ताचे धागे. बायकांनी नाकाला पदर लावले, डॉक्टरांनी तोंड फिरवलं आणि मंडळी बाहेर पडली.

आणि मी पाहुण्यांच्या मागे धावलो. हो, आधी पाहुण्यांच्या मागे. फाटकापर्यंत जाऊन माफी मागितली, पुन्हा यायचं आमंत्रण दिलं, आणि मग परतलो. तोवर त्यानं पट्टी स्वतःच ओढून काढली होती आणि धापा टाकत जमीन पुसत होता.

“खाऊन आला होतास?”

“निघताना भाकरी खाल्ली व्हती.”

“मग बोलायला काय झालं होतं तुला?”

“तुमी इचारलं न्हाय, गुरुजी.”

त्यावर मी काय करावं? मी त्याच्यावर ओरडलो. अक्कल गहाण टाकलीस काय, म्हणालो.

पुढच्या आठवड्यात बंगलेवाली मंडळी हसत हसत आली आणि शिकू लागली. शाळा भरली. तो मात्र आला नाही. मृगाच्या तोंडावर कळलं, दमा दुपटीनं उलटलाय, मिठागरात आता त्याची बायको आणि थोरली पोर जातात.

मी गेलो त्याच्याकडे. उगाच मोठेपणा सांगत नाही, खूप उशिरा गेलो. तो ओसरीवर उशीला टेकून बसला होता. मला पाहून उठायला लागला, तेवढ्यानंच त्याला धाप लागली. बायकोला म्हणाला, गुरुजींना चहा कर. मी म्हटलं, पुन्हा सुरू करू या, पहिल्यापासून. पट्टी नको, नुसता श्वास. मी रोज इथं येत जाईन.

त्यानं आधी धाप आवरली. मग हात जोडून म्हणाला, “तुमी सांगितलंत की माज्यानं नको म्हनवत न्हाय, गुरुजी. म्हनून तुमीच येऊ नका.”

त्याची बायको चहा घेऊन आली. संध्याकाळी वकीलमंडळी यायची होती. त्याचं म्हणणं मान्य करायची मला इतकी घाई झाली, की मी अर्धा चहा तसाच टाकून उठलो.