तांबोशीच्या कानातले खडे आणि आईबरोबरची रत्नागिरी

परवा भाचीने विचारलं, "रत्नागिरीला कसं जावं गं?" आणि मला माझी पहिली फेरी आठवली.

सत्तरच्या दशकाचा शेवट होता. मी नागपूरला प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करत होते. प्रबंधाचा विषय होता तांबोशी, लालसर अंगाचा समुद्री मासा. माशाच्या डोक्यात कानाशी पांढरे खडे असतात. झाडाच्या खोडात असतात तशी त्यांत वलयं धरतात आणि त्यावरून वय कळतं. पण विभागातल्या बरणीतली तांबोशी फोडली, तर औषधी पाण्यात मुरून खड्यांचं पीठ झालेलं. सर म्हणाले, "ताजे मासे मिळव, नाहीतर विषय बदल." विषय बदलला की वर्ष गेलं, आणि घरी आणखी एक वर्ष कुणी शिकू दिलं नसतं.

आम्ही उमरेडचे विणकर. आईने माग थांबवला. म्हणाली, "एकटी काहून जाशीन? मी येतो तुह्यासंग." समुद्र तिनेही कधी पाहिला नव्हता.

नागपूरहून कोल्हापूरची गाडी धरली. ज्वारीच्या भाकरी आणि तिळाची चटणी कोल्हापूरपर्यंत पुरली. पुढे एसटीने आंबा घाट. आई अख्खा घाट डोळे मिटून बसली होती. तुम्ही जाल तर दिवसाउजेडी उतरा, आणि डोळे उघडे ठेवा.

समुद्र दिसला तेव्हा आईने पुढे जाऊन ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि थुंकून टाकलं. मग म्हणाली, "एवढं पाणी, अन् घोटभर पेता येत नाही!"

बंदरावर मासे भरपूर होते, पण माझ्या कामाचे नव्हते. तांबोशी न कापता, बर्फात घालून मुंबईला जायची. व्यापारी सरळ म्हणाला, "डोकं फोडलेला मासा कोण घेईल? आणि तुम्हाला अख्खा परवडायचा नाही." दुसऱ्या दिवशीही तेच. मी लॉजच्या पायरीवर बसून रडले. विषय बदलायचा, हे मनात ठरवूनही टाकलं.

आई तोवर बाजारात गेली होती. तिथे पारूबाई नावाची कोळीण घरगुती गिऱ्हाइकांना तुकडे करून मासे विकायची, तांबोशीसुद्धा. आई तिच्यासमोर उकिडवी बसली.

"बाई, माह्या पोरीले मासोळीच्या डोक्यातला खडा पायजे."

"खडा? कशाला गो?"

"त्याच्यावून तिले मासोळीचं वय समजते. अन् नाही समजलं तं तिचं शिक्षण बंद होते."

पारूबाईने आईकडे पाहिलं. "डोकी आमच्याच कालवणात जातात. उद्यापासून घरी या."

पुढचे दिवस तिच्या अंगणात गेले. ती मासा कापण्याआधी मला लांबी मोजू द्यायची. पोटातून खेकड्यांची नखं, कोळंबी, कधी अंड्यांनी भरलेली गाभोळी निघायची, तीही थांबून दाखवायची. मग मी डोकं उघडून चिमट्याने खडा काढायचे. आई तो धुऊन, पुसून होमिओपॅथीच्या रिकाम्या बाटलीत ठेवायची. जणू मोतीच. काम संपलं की तीच डोकी कोकमाच्या कालवणात पडायची. नदीची मासोळी खाणारी आमची आई पहिल्या दिवशी भीतभीत जेवली, दुसऱ्या दिवशी म्हणाली, "रस्सा वाढा अजून." दोघींना एकमेकींची निम्मी भाषा कळत नव्हती, तरी हसणं थांबायचं नाही.

निघताना मी पैसे पुढे केले. पारूबाई रागावली. "डोकी काय तू घेऊन चाललीस? खाल्ली तर आम्हीच!"

नागपूरला सूक्ष्मदर्शकाखाली वलयं पुसट होती. उष्ण समुद्रात ती तशीच असतात म्हणे. तरी बरीचशी वाचता आली. प्रबंध झाला, नोकरी लागली, आणि पुढे आयुष्यभर मुलांना मासे शिकवले.

आईने परत आल्यावर पहिलं काम काय केलं? हिरव्या काठाचं नऊवारी लुगडं विणलं आणि पोस्टाने रत्नागिरीला धाडलं. बऱ्याच दिवसांनी उलट पार्सल आलं. पोस्टमनने ते हात लांब करूनच दिलं. आत सुके बोंबील होते. वासाने गल्लीतली दारं पटापट लागली. आईने मात्र एकेक दार ठोठावून मूठमूठ बोंबील वाटले. "घ्या," ती सांगत होती, "माह्या बहिणीनं धाडले."