परतीचा रस्ता

या सदरातले अनुभव मी चवीने वाचतो, मानत मात्र कधीच नाही. माझं काम लिनक्स सर्व्हर सांभाळायचं. तिथे काहीही बिघडलं तरी कारण सापडतंच, माणूस आळशी नसला तर. हे एकच सापडलेलं नाही.

आम्ही मूळ अकोल्याचे. बाबा रेल्वेत सिग्नल मेंटेनर, बदलीने जयपूरला आलो नि इथलेच झालो. रिटायर झाल्यावर ते आदर्श नगरच्या घरी माझ्या टेबलाशेजारी बसायचे. कॉम्प्युटरचं त्यांना ओ की ठो कळत नसे. पण मी नवं काम हातात घेतलं की ठरलेला प्रश्न — "परतीचा रस्ता ठेवला का रे?" मी वैतागून, "हो बाबा, ठेवला." आणि त्यांनी गप्प बसावं म्हणून का होईना, थोड्या वेळाने सगळे बदल आपोआप रद्द होतील अशी कमांड आधी देऊन ठेवायचो. मागच्या हिवाळ्यात बाबा गेले. ती सवयही सुटली.

उन्हाळ्यात मुरलीपुऱ्यातल्या एका गर्ल्स हॉस्टेलचं काम आलं. ट्रान्सपरंट प्रॉक्सी बसवायचा होता — मतलब, मुलींच्या फोनमध्ये काहीही न बदलता त्यांचं सगळं इंटरनेट एका सर्व्हरमधून वळवायचं. दुपारी घरूनच त्या सर्व्हरवर लॉगिन करून फायरवॉलचे, म्हणजे कुणाला आत-बाहेर जाऊ द्यायचं याचे, नियम टाकले, एंटर दाबलं... आणि स्क्रीन गोठली. चुकीच्या नियमाने हॉस्टेलचं नेट तुटलं होतं, नि सर्व्हरवर परत जायची माझी वाटही.

लगेच वॉर्डन मॅडमचा फोन. "भैया, नेट चला गया. काजल के एडमिशन का फॉर्म आज ही भरना है, बच्ची रो रही है."

भरती परीक्षेचा पेपर फुटू नये म्हणून त्या दिवशी शहरात मोबाइल इंटरनेट बंद. सर्व्हरच्या खोलीला कुलूप, किल्ली मालकाकडे, मालक बाहेरगावी, सीकरला. माझ्या चुकीने पोरीचं वर्ष जाणार होतं. किल्ली नसली तरी स्कूटर काढली. तेवढ्यात पुन्हा फोन.

"आ गया भैया. फॉर्म भर दिया."

वर येऊन लॉगिन केलं. सर्व्हर मधल्या वेळात बंद पडून पुन्हा सुरू झालेला नव्हता. फक्त माझे नवे नियम गायब, बाकी सगळं पूर्ववत. बदल रद्द करणारी कमांड मी दिलेलीच नव्हती. खोलीचं कुलूपही कोणी उघडलेलं नव्हतं.

बायको चहा घेऊन आली. यातलं तिला काहीच माहीत नव्हतं.

"मघाशी कामाला बसताना तुम्ही 'हो बाबा, ठेवला' असं का म्हणालात?"

"मी? कधी?"

"म्हणालात की. वैतागून, नेहमीसारखं."

मला काहीही आठवत नाही. कारण अजून सापडलेलं नाही... बाबांची फार आठवण आली, एवढंच खात्रीने सांगू शकतो.