हात नसलेली देवी

माझा डावा स्तन काढला त्या वर्षी आई दिवाळीसाठी पुण्याहून साउथहॅम्प्टनला आली. पहिल्या आंघोळीला मीच तुला तेल-उटणं लावणार, असं तिनं विमानतळावरच जाहीर केलं. मी नुसतं हूं म्हटलं. ऑपरेशननंतर मी नवऱ्यासमोरही कपडे बदलत नव्हते; मला माझ्या अंगाची लाज वाटायची.

तो विषय टळावा म्हणून मी तिला लंडनचं म्युझियम दाखवायला नेलं. ग्रीक देवांच्या दालनात शिरलो आणि आगीतून फुफाट्यात पडले. सगळे देव उघडे.

आई मात्र रमली. एका काळ्या रांजणावरच्या चित्रात सिंहाचं कातडं पांघरलेला वीर सोटा घेऊन उभा होता. आपला शंकर वाघाचं पांघरतो, याला सिंह मिळाला, असं म्हणून तिनं त्याला पास केलं. त्रिशूळ समुद्राच्या देवाकडे, हे मात्र तिला अजिबात पटलं नाही.

पुढं संगमरवरी देवी होती. नाकाचा टवका उडालेला, दोन्ही हात खांद्यापासून गेलेले.

"हिला अशीच ठेवलीय?" आई म्हणाली. "खंडित मूर्ती आपण पाण्यात सोडतो गं."

बोलली आणि तिच्या लक्षात आलं. ती पर्सची चेन उगाच उघडझाप करत राहिली. माझा हात आपोआप कार्डिगनच्या डाव्या बाजूला गेला. आतला स्पंज सरकलाय असं वाटलं. त्या उघड्या देवीसमोर नागडी मीच उभी होते. माझी जीभ मुळातच तिखट.

"मग मला कधी सोडतेस? घराजवळच बंदर आहे."

परतीच्या ट्रेनमध्ये आईनं चिवड्याचा डबा माझ्यापुढं सरकवला, पण माझ्याकडं बघितलं नाही. अंगाच्या लाजेत आता जिभेचीही भर पडली होती.

दिवाळीच्या पहाटे मी बाथरूमची कडी लावून घेतली. आई तेलाची वाटी घेऊन बाहेर उभी राहिली.

"त्या लोकांनी नाही गं सोडली ती पाण्यात," ती म्हणाली. "दार उघड. तेल निवतंय."

मी कडी काढली. टबच्या काठावर बसले, पण छातीवरचे हात काही काढवेनात. आईनं पाठीपासून सुरुवात केली.