मराठी कार्ड आणि रामाप्पांच्या नावापुढचं 'कै.'

भूत समोर आलं तर आधी त्याचं आडनाव विचारीन, अशी बाई मी. त्यामुळं हे वाचून 'आजीचं वय झालं' म्हणणार असाल तर खुशाल म्हणा... दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर मीही तेच म्हटलं असतं.

पस्तीस वर्षांपूर्वी मी बेळगावात, खडेबाजारातल्या एका छोट्या प्रेसमध्ये लग्नपत्रिका टाईप करायचे. तेव्हा कॉम्प्युटरला मराठी येत नसे, आत वेगळं कार्ड बसवावं लागे. नाव एका लिपीत टाईप केलं की एका बटणानं दुसऱ्या लिपीत — मराठी काय, कानडी काय. मला तर वाटायचं, कॉम्प्युटर मीच शोधून काढलाय. चौतीस वर्षांची घोडी, पण तोरा असा, की मान पंख्याला लागावी.

कॉम्प्युटरमधल्या दुसऱ्या कुणाच्या जुन्या पत्रिकेवरच नवी टाईप करताना नवऱ्यामुलाच्या आजोबांच्या, रामाप्पांच्या, नावापुढचं 'कै.' माझ्याकडून पुसायचं राहिलं. बटण दाबलं. आजोबा दोन्ही लिप्यांत वारले. पत्रिका वाटून झाल्यावर ते वडगावहून काठी टेकत प्रेसमध्ये आले.

"बाई, मी जिता हाय न्हवं? चिमटा काढून बघा की."

मालकांनी विचारलं, कुणी केलं? कानडी बाजू शांताकडं असायची — माझ्याहून बारा वर्षांनी लहान, लग्न व्हायचं होतं. मी म्हटलं, "तिनं कानडीत टाईप केलं, मी नुसतं बटण दाबलं." तिला त्याच दिवशी काढलं.

प्रेस बंद पडली तेव्हा ते कार्ड मी अनगोळला घरी आणलं. गेल्या वर्षी माझ्या इंजिनिअर नातीला, मुक्ताला, ते माळ्यावर सापडलं. सुटलेल्या तारांना तिनं डाग दिले. कार्डाच्या कडेच्या धातूच्या पट्ट्या मी खोडरबरानं घासल्या, आमची जुनी युक्ती. भंगारातून एक कॉम्प्युटर आणला. त्याला हार्ड डिस्कच नव्हती, फ्लॉपीवर सुरू केला.

भर दुपारी मुक्तानं स्वतःचं नाव टाईप केलं. पडद्यावर कानडीत भलतंच आलं. तिनं वाचलं, "कै. रामाप्पा... आज्जी, हे कोण गं?"

हा प्रसंग मी घरात कुणालाच, नवऱ्यालासुद्धा, सांगितला नव्हता. आणि कार्डात नुसती अक्षरांची वळणं असतात, मजकूर साठत नाही. बंद करून पुन्हा लावलं, तर 'मुक्ता' नीट आलं.

मी तिला सगळं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "मग त्या शांताबाईंचं पुढं काय झालं?"

मला माहीत नव्हतं.

चौकशी करत गेले, तर शांता निपाणीत सापडली. मी कबुली दिली, तेव्हा ती शांतपणे चहा गाळत होती.

"आक्का, मला ठाऊक हुतं की. घरी सांगितलं बी. पण आमचे वडील, आप्पा, म्हणाले, पोरगी खोटं बोलाय शिकली. तसंच समजून वारले ते."

"शांते, मी आता काय करू गं?"

"आता काय करतासा. चहा घ्या."

मी चहा घेतला. 

ती ओळ पुन्हा कधी आली नाही. मुक्तानं जाणकारांना विचारलं, कुणालाच उलगडा झाला नाही. निपाणी इथून बसनं दोन तासांवर. शांताचे आप्पा हयात असताना मी तिला शोधत त्या बसमध्ये का चढले नाही... तेही मला कुणाला समजावून सांगता येत नाही.