खड्ड्यावरची काठी

आईनं उभ्या जन्मात भाजीचं देठसुद्धा घराबाहेर जाऊ दिलं नाही. आमच्या मैसूरच्या घरामागे चार वाफ्यांपुरती माती आहे. तिथं खताचा ढीग नाही की पिंप नाही. रोज कोपरभर खोल खड्डा करायचा, नवलकोलाची सालं, चहाचा चोथा, अवऱ्याच्या शेंगांची टरफलं त्यात घालायची, माती लोटायची आणि वर काठी रोवायची. उद्याचा खड्डा काठीच्या पुढे. फिरून पहिल्या जागी येईतो तिथल्या सालांची माती झालेली असायची.

मला या उद्योगाचा भारी वैताग. कचऱ्याची गाडी दारात येते, हिला मात्र गुडघे धरून खणायचंच असतं. पुढे तिला आठवेनासं झालं. गॅस उघडा राहायला लागला, म्हणून तिचं स्वयंपाकघर बंद केलं. तेव्हा मीच मनाशी धरून बसले की हे एवढं काम तिच्या हातात आहे तोवर आई आहे.

यंदा तेही गेलं. काठीच्या पुढे खणायचं सोडून ती काठीच उपटून तिथं खणायला लागली. अर्धवट कुजलेलं सगळं वर, घाण वास, माश्या. वर माझ्यावरच डाफरायची, "चांगली भाजी कुणी गं पुरली?"

मला कामावर जायला नंजनगूडची बस धरायची घाई. मी चिडायचे, "अगं, तूच पुरलीस काल. सुम्मने, गप्प बस आता." मग ती हातची माती झटकून आत जायची, आणि तेही बघवायचं नाही. शेवटी खड्डा मीच खणून ठेवायला लागले. तिनं नुसती बादली ओतायची. माझीच आपली समजूत.

आमच्या मराठीत अर्धे शब्द कन्नड, पाहुणे हसतात. पण आईचा नेम होता. घरच्यांशी मराठी, कन्नड दारावर आलेल्यांशी. मला ती रागावलीसुद्धा मराठीतच.

परवा सकाळी मी बादली घेऊन खड्ड्यापाशी उभी होते. आई आली. माझ्याकडे नीट पाहून हसली आणि स्वच्छ कन्नडात, अहोजाहो करत म्हणाली, "तिथंच ठेवा हो. माझी मुलगी येईल आता, ती पुरून टाकेल."

मी बादली खाली ठेवली आणि कन्नडातच "बरं, अम्मा" म्हणाले. ती पायरीवर बसून मुलीची वाट बघत राहिली.